त्याला हाक मारू नका

सेलिनाच्या शाळेची सहल हालमरोडला गेली होती, आणि संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तेव्हा तिने ते नाव घेतलं.

पोरीचा काही दोष नव्हता. चौदा वर्षांची ती. बटाटे वाढून घेता घेता सांगत होती, नाझींच्या काळातली छावणी पाहिली, दगडाची खाण पाहिली, पायऱ्या चढून पोटऱ्या भरून आल्यात, आणि तिथे एका मुलाचा फोटो आहे, तिच्याहून जेमतेम वर्षाने मोठा. "आणि मम्मा, आडनाव तुझ्या माहेरचंच! गाइड आजोबांनी सगळ्या वर्गाला त्याचं नाव मोठ्याने घ्यायला लावलं, एका सुरात. म्हणाले, असं नाव घेतलं की तो पुन्हा आपल्यात येतो." आणि तिने ते नाव घेऊनच दाखवलं, वर्गाने घेतलं असेल तसं, ठसक्यात.

माझ्या नवऱ्याने उठून खिडकी उघडली. फिलोमेना आत्याने चमचा खाली ठेवला, ओठ पुसले आणि ताटाकडे बघत बसली. सेलिना एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय झालं? मी काय केलं?"

"काही नाही केलंस," आत्या म्हणाली. "जेव तू."

आम्ही सिंती, लोक ज्यांना जिप्सी म्हणतात त्यांतले. या देशात आमची माणसं कित्येक पिढ्या राहतायत, तरी शेजारीण अजून विचारते, तुम्ही मूळच्या कुठल्या. आमच्या घरात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. सगळ्याच सिंतींचं असं असेल असं नाही, पण आमच्यात असंच. माणूस गेला की त्याचा कप फोडतात, कपडे जाळतात, त्याच्या आवडीचं गाणं वर्षानुवर्षं कुणी वाजवत नाही, आणि त्याचं नाव आत ठेवून देतात. विसरायला नव्हे, उलट जपायला. त्यामुळे सेलिनाच्या कानावर ते नाव कधी पडायचा प्रश्नच नव्हता. तो आत्याचा थोरला भाऊ. माझे वडील सगळ्यांत धाकटे. त्याचा विषय निघाला तर वडील "आमचा मोठा" एवढंच म्हणायचे आणि बाहेर जाऊन सिगारेट पेटवायचे. पंधरा वर्षांचा होता. मामाबरोबर घोड्यांच्या बाजाराला गेला, तिथून पोलिसांनी उचलला, आणि हालमरोडच्या खाणीत त्याचा शेवट झाला. बाकीच्यांना एका शेतकऱ्याने गवताच्या माळ्यावर लपवलं म्हणून आत्या वाचली, वडील वाचले, आणि आज मी हे लिहितेय.

जेवण झाल्यावर आत्याने सेलिनाला जवळ बसवून घेतलं.

"ते गाइड आजोबा रोज असं करतात?"

"रोजच असणार, आजी. दिवसातून तीन फेऱ्या असतात म्हणे."

"आणि प्रत्येक वेळी इतकी पोरं मिळून ओरडतात?"

"कधी पोरं, कधी मोठी माणसं."

आत्याने सेलिनाचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "मग तो झोपतो कधी?"

सेलिनाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि नसतं कळलं तर बरं झालं असतं असं वाटलं.

त्यानंतर आत्याची झोप गेली. सकाळी भांडी विसळताना मध्येच हात थांबायचा. "पहिली बस आली असेल. उठला असेल तो." दुपारी खुर्चीत डोळा लागत आला की दचकून जागी व्हायची. मी वृद्धाश्रमात रात्रपाळीला जाते. रात्रभर म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं आणि सकाळी घरी येऊन बघायचं तर आपली म्हातारी टक्क जागी. दोघी समोरासमोर कॉफी घेऊन बसायचो आणि एकमेकींकडे बघत जांभया द्यायचो.

आमच्या तंबूतल्या प्रार्थनासभेला मी नेमाने जाते. आमचा पाळक प्रवचन अर्धं बोलतो आणि अर्धं गातो. बोलता बोलता गिटारची तार छेडली की समजावं, आता याला बोलणं पुरत नाही. शेवटच्या दिवशी प्रभू एकेकाला त्याच्या नावाने उठवील, हे तो गायला लागला की माझ्या डोळ्यांना धार लागते. तेच मी आत्याला सांगून पाहिलं. म्हटलं, आत्या, उठवणारा तो एकच. गाइडच्या हाकेने कुणी उठत नाही.

"प्रभूने हाक मारली तर तो उठेल आणि कुठेतरी चांगल्या ठिकाणी जाईल," आत्या म्हणाली. "हा माणूस त्याला कुठे बोलावतो? खाणीत."



शेवटी मी तिथल्या ऑफिसला फोन लावला. बाई गोड आवाजाची होती.

"कोणाबद्दल बोलताय आपण?"

"तुमच्याकडे एका मुलाचा फोटो आहे. तुमचे गाइड त्याचं नाव मोठ्याने घेतात. ते घेऊ नये अशी आमची विनंती आहे. आम्ही त्याच्या घरचे."

"अरे वा! घरचे! नाव काय त्याचं?"

"तेच घ्यायचं नाहीये."

"म्हणजे आपल्याला माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग सांगा ना."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ती हळूच म्हणाली, "बाई, नाव सांगितलं नाहीत, तर कुणाचं नाव घेऊ नका म्हणून सांगू मी त्यांना?"

तिचंही काही चुकत नव्हतं. मी फोन ठेवला, आणि दारात उभी असलेली आत्या म्हणाली, "गाडी काढ शनिवारी. मीच बोलते."

शनिवारी मी रात्रपाळी संपवून थेट घराखाली आले. आत्या तयारच होती: काळा लांब स्कर्ट, कानात सोन्याच्या रिंगा, डोक्याला रुमाल, हातात काठी. पिशवीत पाव आणि सॉसेज. "परत येताना खाऊ. तिथे तोंडात काही घालायचं नाही." रस्ता डोंगरातून जातो. बीच वृक्षांचं रान पिवळं पडलं होतं आणि धुकं इतकं की पुढच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसत. आत्या वाटभर जपमाळ ओढत होती. मी दोनदा काच खाली करून तोंडावर गार वारा घेतला, डोळे मिटू नयेत म्हणून.

फाटकाशी पोचलो तेव्हा फेरी सुरू व्हायच्या बेतात होती. आमच्यासोबत एक बोलिंग क्लब होता, सगळ्यांची हिरवी जाकिटं एकसारखी. वर्षातून एकदा सहल काढतात, आधी असं काहीतरी गंभीर बघतात आणि मग केक खायला जातात. त्यांतल्या गेरलिंडे नावाच्या बाईंनी आत्याला पाहिल्या पाहिल्या आपल्या पंखाखाली घेतलं. "माझा दंड धरा. इथे दगड फार निसरडे आहेत."

गाइडचं नाव अस्मुस. उंच, वाकलेला, पासष्टीचा. घसा बसलेला, बोलता बोलता खिशातून खडीसाखरेसारखी खोकल्याची गोळी काढून गालात सरकवायचा. सणाच्या दिवशी आमचा पाळक तिसऱ्या सभेला उभा राहतो तेव्हा असाच दिसतो. शब्द सगळे असतात, गाणं संपलेलं असतं.

मी आत्याच्या कानाशी लागले. "आत्ताच सांगून टाकते त्यांना, बाजूला घेऊन."

"थांब. आधी बघू दे कसला माणूस आहे. वरवरचं करत असेल तर वेगळं बोलायचं, मनापासून करत असेल तर वेगळं."

म्हणून आम्ही चालत राहिलो. फाटक, बराकींचे नुसते उरलेले चौथरे, आणि मग हजेरीचं मैदान. रिकामं, ओलं, गवतही धड न उगवलेलं. अस्मुस मध्यभागी थांबला. सगळे भोवती गोळा झाले.

"इथे सकाळ-संध्याकाळ हजेरी व्हायची," तो म्हणाला. "पाऊस, बर्फ, काही असो. आकडा जुळेपर्यंत कुणी हलायचं नाही. कधी कधी रात्र व्हायची. आणि आकडा जुळायलाच हवा, म्हणून त्या दिवशी जे मेले असतील त्यांनासुद्धा इथे आणून रांगेत ठेवायचे. मेलेल्यालाही हजेरी चुकत नव्हती."

हे तो शेकडो वेळा बोलला असेल. तरी बोलून झाल्यावर त्याने पायाखाली बघितलं, कुणावर पाय तर पडला नाही ना असं बघावं तसं. आत्याने ते पाहिलं. "मनापासून करतो," ती माझ्या कानात म्हणाली. तिच्या आवाजात सुटका नव्हती. उलट काम अवघड झालं होतं.

गेरलिंडेबाईंनी थर्मास काढला. "घ्या, कॉफी घ्या. दमलात." आत्याने कप घेतला, दोन पावलं बाजूला गेली आणि सगळी कॉफी सावकाश गवतावर ओतली. आमच्यात माणसं मेलेल्या ठिकाणी असं करतात, त्यांच्या वाट्याचं म्हणून.

"अगं बाई, गार झाली होती का?"

"नाही, चांगली होती," आत्या म्हणाली. "अजून थोडी द्या." आणि दुसरा कपही ओतला.

गेरलिंडेबाईंनी थर्मासकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि झाकण घट्ट लावून टाकलं.

प्रदर्शन जुन्या स्वयंपाकघराच्या बराकीत होतं. आत ऊब होती आणि मला भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोप येऊ लागली. मग अस्मुस शेवटच्या भिंतीशी थांबला आणि मी तो फोटो बघितला. पोलिसांनी काढलेला. एक समोरून, एक बाजूने. आमच्या घरात त्याचा एकही फोटो नाही, म्हणून मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. कपाळ माझ्या वडिलांचं. कान बाहेर आलेले, सेलिनाच्या लहानपणी होते तसे. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. जरा बाजूला बघत होता, तिकडे दार असावं. आत्याने फोटोकडे मान वळवली नाही. ती अस्मुसच्या तोंडाकडे बघत होती.

"हा इथला सगळ्यांत लहान कैदी," अस्मुस म्हणाला. "इथे त्याला फक्त नंबर होता. नावाने कुणी हाक मारत नव्हतं. म्हणून मी इथे येतो तेव्हा त्याचं नाव त्याला परत देतो. आपण सगळे मिळून, मोठ्याने—"

त्याने श्वास घेतला.

आत्याने काठी माझ्या हातात कोंबली, दोन पावलं पुढे गेली, टाचा उंचावल्या आणि आपला तळहात त्याच्या तोंडावर ठेवला.

"अहो, हे काय!" गेरलिंडेबाई ओरडल्या. "त्यांचा जीव घुसमटेल!"

अस्मुस हलला नाही. त्याने हातही वर केला नाही. तिच्या तळहातावरून तो नुसता खाली तिच्याकडे बघत राहिला.

"नको, बाबा," आत्या म्हणाली. "नको उठवूस त्याला. दमलाय तो."

"माझी आत्या आहे," मी म्हटलं, कुणाला म्हटलं कोण जाणे. "आणि तो तिचा भाऊ."

आत्याने हात काढला. अस्मुसने घसा खाकरला आणि क्लबला म्हणाला, "तुम्ही खाणीकडे चला पुढे. पायऱ्यांचा कठडा धरा. मी येतो." ते निघाले. जाता जाता गेरलिंडेबाईंनी थर्मास बाहेरच्या बाकावर ठेवला, झाकण सैल करून.

आम्ही तिघं त्याच बाकावर बसलो. बराकीची एक खिडकी आमच्या डोक्यावर उघडी होती.

"मला वाटायचं, त्याचं कुणीच उरलं नाही," अस्मुस म्हणाला. "इतकी वर्षं कुणी आलं नाही. म्हटलं, निदान मी तरी नाव घ्यावं. नाहीतर कोण घेणार?"

"आम्ही या डोंगराच्या पलीकडे राहतो," आत्या म्हणाली. "कुणी विचारायला आलं?"

"नाही आलं."

"आम्ही आलो नाही कारण असल्या जागी पाय ठेवत नाही आम्ही. नाव घेत नाही ते जपायचं म्हणून. तुला काय वाटलं, आम्ही विसरलो?"

"बाई, त्यांनी त्याचं नाव काढून घेतलं होतं. मी ते परत—"

"त्याचं नाव कुणी काढून घेतलं नव्हतं. ते आमच्याकडे होतं. घरात." तिने छातीवर हात ठेवला. "अजून आहे. मगाशी मैदानात तूच म्हणालास ना, मेलेल्यांनासुद्धा हजेरीला आणून उभं करायचे?"

"हो."

"मग तू काय करतोस?"

अस्मुसने तोंडातली गोळी काढली होती, ती त्याच्या बोटांत तशीच राहिली. "ही तुलना..." असं काहीतरी त्याने सुरू केलं आणि सोडून दिलं. त्याचा चेहरा पाहवेना. मला तिथल्या तिथे आत्याला थांबवावंसं वाटलं. या माणसाने आयुष्याची अखेरची वर्षं या थंड बराकीत घसा फोडून घालवली, ती काय यासाठी?

"वाईट वाटून घेऊ नकोस," आत्याच म्हणाली. "मन चांगलं आहे तुझं. म्हणून तर तुझ्याबरोबर फेरीभर चालले, गुडघे धड नसताना. वाईट असतास तर हात कशाला ठेवला असता? काठीच बसली असती."

अस्मुस हसला. हसताना खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. मी थर्मासमधली कॉफी त्याला दिली. त्याने ती प्यायली. गेरलिंडेबाईंची कॉफी त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाच्या तरी पोटात गेली.

"पण मग पोरांना काय सांगू मी?" तो म्हणाला. "तुम्हाला कल्पना नाही, बाई. मी शाळेत शिकवायचो. पोरं सगळं विसरतात. खाण विसरतात, मैदान विसरतात. बसमध्ये बसली की चिप्सची पाकिटं फुटतात. हे एक नाव तेवढं घरी नेतात."

"नेलं ना घरी," मी म्हटलं. "माझ्या मुलीने नेलं. आमच्याच जेवणाच्या टेबलावर." आणि मी त्याला सेलिनाचं सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

थोड्या वेळाने तो हातांआडूनच बोलला. "फोटोखाली पाटीवर नाव छापलंय. ते काढणं माझ्या हातात नाही. ऑफिसला अर्ज लागेल, आणि अर्जात पुन्हा नाव..."

"कागदावर असू दे," आत्या म्हणाली. "कागद ओरडत नाही."

"आणि मी एकटाच गाइड नाही. बाकीच्यांना सांगेन. ऐकतील की नाही माहीत नाही. तरुण आहेत. त्यांना हे असं नाव घ्यायला मीच शिकवलंय."

"सांगून बघ. नाही ऐकलं तर काय करणार? तुझ्या तोंडाचं तू सांग."

"माझं तोंड बंद," अस्मुस म्हणाला. मग जरा वेळाने, "जमेल का मला? सवय झालीय. ते आपोआप येतं."

आत्याने त्याच्याकडे बघितलं. मग पदर सारखा करावा तसा रुमाल सारखा केला, आणि माझ्या अख्ख्या आयुष्यात तिने मला कधी सांगितलं नव्हतं ते त्या परक्या माणसाला सांगितलं.

"ऐक. घोडा बिथरला की तो जवळ जाऊन त्याच्या नाकपुडीत हळूच फुंकर घालायचा. मोठी माणसं दोर आणि चाबूक घेऊन यायची, तोवर याचं काम झालेलं. घोडा मान खाली घालून उभा. मला एकदा ताप आला, खूप आला, आई रडत बसली. तर हा आला आणि त्याने माझ्या नाकात फुंकली. मला इतकं हसू आलं. बाजाराला गेला त्या सकाळीसुद्धा जाता जाता फुंकून गेला. मी म्हटलं, मी काय घोडी आहे?"

अस्मुस तिच्याकडे वळून बसला. माझी झोप पार उडाली होती.

"हे सांगू का पोरांना?" त्याने विचारलं. "नाव न घेता?"

"नाही. हे तुझ्यासाठी. कुणाला हाक मारायची नाही, ते तुला माहीत असायला नको?"

फाटकाकडून गलका ऐकू आला. पुढची फेरी शाळेची होती. अस्मुस उठला, कोट झटकला. "तुम्ही थांबाल?"

"थांबतो," आत्या म्हणाली. "ऐकूनच जाऊ."

तो गेला. मी आत्याच्या खांद्याला टेकले. दोघींनी मिळून एकच शाल पांघरली. धुकं विरळ झालं होतं पण ऊन नव्हतं. मैदानावरून त्याचा बसका आवाज तुटक तुटक येत होता, मध्येच पोरांचं हसणं, मध्येच शिक्षिकेचं "शूऽऽ". मी मनात प्रार्थना करत होते. काय मागावं तेच समजेना. आत्याला झोप मिळू दे, की अस्मुसची जीभ धर, की त्या पोराला तूच सांभाळ. शेवटी तिन्ही मागितलं.

पावलं बराकीत शिरली. डोक्यावरच्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. बूट घासले जात होते, कुणी शिंकलं. तो हळूहळू शेवटच्या भिंतीकडे येत होता.

"हा इथला सगळ्यांत लहान कैदी," अस्मुसचा आवाज आला. "इथे त्याला फक्त नंबर होता. त्याचं नाव—"

आणि ते निघालं. पूर्ण नाही, पहिलं अक्षर. इतक्या वर्षांची वहिवाट, जीभ आपली आपण धावली. आत्याची बोटं माझ्या मनगटात रुतली.

पुढे काही आलं नाही.

तो खोकला. पुन्हा खोकला. 

"आजोबा, खाली लिहिलंय नाव," एका मुलीचा आवाज. "मी वाचू?"

"मनात वाच. मोठ्याने नको."

"का?"

"त्याची बहीण आली होती आज," तो म्हणाला. "ती म्हणाली, तो दमलाय."

कुणीतरी खुदकन हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. "ती अजून आहे?" दुसऱ्या कुणी विचारलं. अस्मुसने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. मग कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही. मधूनच एखादा बूट करकरायचा, एवढंच. इतकी पोरं एका खोलीत आणि एवढं शांत, मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या सभेत गाणं संपल्यावर पुढचं वाक्य यायच्या आत एक जागा असते, तशी ती जागा होती.

आत्याने माझं मनगट सोडलं. चार वळ उठले होते, त्यांवरून तिने अंगठा फिरवला.

"अर्धाच उठवला त्याने," ती म्हणाली. "लागेल परत डोळा."

मी उठून तिला हात दिला. तिने तो धरला नाही. जरा बसू दे म्हणाली. आतली पोरं खाणीकडे निघून गेली होती, त्यांच्यामागून अस्मुसही गेला, आणि बराकीत आता कुणाचाच आवाज नव्हता.